नाताळचं जेवण, एकच टेबल: 38 माणसांच्या बुफेच्या नोंदी

रविवार, 10 नोव्हेंबर 2024

यंदा नाताळचं दुपारचं जेवण आमच्या घरी, वसईला. भावकीत पाळी ठरलेली असते, दर वर्षी एकेक घर. माणसं 38, त्यात मुलं आठ. गेल्या वर्षी ज्यांची पाळी होती त्यांनी बाहेरून मागवलं होतं, डोई 650 रुपये. मी सगळं घरीच करायचं ठरवलंय. त्याला कारण कालचं लग्न.

माझी पुतणी नऊ वर्षांची. जूनमध्ये तिला सीलिअ‍ॅक निघाला. या आजारात गहू किंवा जव कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. काल लग्नात सगळी पोरं फुगे (मैद्याचे तळलेले गोल पाव) खात होती आणि ही वहिनीने आणलेला स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्यात भात आणि उकडलेलं अंडं. झाकण तिने अर्धंच उघडलं होतं, आतलं कुणाला दिसू नये म्हणून. ते अर्धं झाकण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून अट एकच: टेबलावर जे ठेवू ते सगळं तिला चाललं पाहिजे. वेगळा डबा नाही, वेगळी वाटी नाही. शिवाय बाबांना साखरेचा त्रास आहे (ऑक्टोबरात एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 8.4) आणि काकांना ब्लडप्रेशर, त्यांची किडनीही आता नाजूक झालीय. तेव्हा तेल, मीठ, साखर हात आखडूनच.

आजचा मेनू, कच्चा: पोर्क इंद्याल (व्हिनेगर-लसणात मुरवलेलं), बाटली मसाल्यातलं दुधी घातलेलं चिकन, केळीच्या पानातला रावस, उकडहंडी (मडक्यात शिजवलेल्या भाज्या आणि कंद), फुगे, पानगी, कोशिंबिरी, केक, सुकेळी (उन्हात सुकवलेली केळी).

रविवार, 17 नोव्हेंबर

फुगे, पहिला प्रयत्न. आईच्या मापाने नारळाचं दूध, अंडी, यीस्ट, फक्त मैद्याऐवजी तांदळाचं पीठ, अर्धा किलो. पीठ फुगलं, वास छान आला, म्हणून हुरूप होता. तेलात सोडले आणि पाचव्या सेकंदाला फुटायला लागले. गव्हाच्या पिठाला जो ताण असतो तोच आतली हवा धरून ठेवतो. तांदळाला तो नाही. जे फुटले नाहीत त्यांनी तेल पिऊन घेतलं. कढईतलं तेल आधी आणि नंतर वजन करून पाहिलं: 190 ग्रॅम गेलं.

दुसरा घाणा इसबगोल घालून घट्ट मळला आणि ओव्हनमध्ये टाकला. गोळे झाले, पण दाताखाली दगड.

त्याहून मोठी चूक संध्याकाळी कळली. बायकोने विचारलं, पीठ कुठून आणलंस? गिरणीतून. त्याच जात्यातून दिवसभर गहू निघतो, आपलं पीठ त्याच्यामागून. म्हणजे फुगे फसले नसते तरी पुतणीला ते चालले नसते. आजचा सगळा दिवस आणि 310 रुपयांचं सामान वाया.

आता तांदूळ घरी धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरमध्ये दळायचा. चाळणी नवी आणली, 120 रुपये. जुन्या चाळणीच्या जाळीत मैदा अडकलेला असतोच, कितीही घासली तरी.

रविवार, 24 नोव्हेंबर

फुगे जमले. तीन आठवडे लागतील असं धरलं होतं, दुसऱ्याच रविवारी जमले.

गोष्ट साधी होती. गोळ्याला स्वतःचा ताण नाही, तर त्याला बाहेरून आधार द्यायचा. तो आधार आप्पेपात्र देतं. पीठ घट्ट मळायची गरजच नाही, सैल राहिलं तरी खळग्यात आकार धरतं. माप: तांदळाचं पीठ 300 ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ 100, उकडून किसलेला बटाटा 150, इसबगोल 12 ग्रॅम, अंडी तीन, कोमट नारळाचं दूध दीड कप, यीस्ट सात ग्रॅम, साखर एकच चमचा, तीही यीस्टसाठी. पाऊण तास झाकून ठेवलं. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, मंद आच, झाकण, पाच मिनिटांनी उलटून आणखी चार. एवढ्या पिठाचे चाळीस झाले, तेल 60 ग्रॅम. बाहेरून कुरकुरीत, आतून जाळीदार. आईने दोन खाल्ले, तिसरा उचलला. म्हणाली, हा फुगा नाही, पण चांगला आहे.

मला तेवढं पुरे आहे.

पण आमच्या आप्पेपात्रात दहा वर्षं रव्याचे आप्पे झालेत आणि बिडाचं भांडं सगळं पोटात ठेवतं. म्हणून बारा खळग्यांची दोन नवी घेतली, 650 ला एक.

रात्री ठेवलेले फुगे सकाळी खडे झाले होते. तांदळाचं हे असंच होतं. चार मिनिटं वाफवले की पुन्हा मऊ. तरी त्या दिवशी ताजेच करायचे.

बुधवार, 27 नोव्हेंबर

ही नोंद लिहिताना अजून हात थरथरतोय.

वहिनीशी फोनवर मेनू नक्की करत होतो. ती प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारते: यात काय काय आहे? हिंग कुठला? डबी पाहिली तर पुडीच्या हिंगात मैदा. काढून टाकला. व्हिनेगर कसलं? जवापासूनचं माल्ट असेल तर नको. आमच्याकडे उसाचं आहे, चालेल. मग चिकन. म्हटलं, त्यात काही नाही, आपला बाटली मसाला. ती म्हणाली, मसाल्यात काय आहे?

मला माहीत नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात आई आणि आत्या बसतात, मिरच्या उन्हात पडतात, एकेक जिन्नस वेगळा भाजला जातो, सगळं कुटून बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून तो बाटली मसाला. मी लहानपणापासून बाटल्या धुतल्यात, यादी कधी विचारली नाही. फोन चालू ठेवूनच आईला विचारलं. ती बोटांवर मोजत गेली: दोन-तीन जातींच्या मिरच्या, धणे, जिरं, हळद, तीळ, खसखस, मोहरी, मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायपत्री, दगडफूल, नागकेशर, हरभऱ्याची डाळ, गहू.

गहू?

हो, मूठभर. भाजून. त्याने मसाला कालवणाला धरून राहतो.

पुण्याच्या घरी दादाकडे आमच्याकडचीच बाटली जाते. पाच महिने वहिनीने घरातली पोळी बंद केली, बिस्किटं बंद केली, बाहेरचं खाणं बंद केलं आणि रोजच्या आमटीत हा मसाला पडत होता. पुतणीचं पोट मधूनमधून दुखायचं, कारण सापडत नव्हतं. फोनवर दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग आई म्हणाली, मी पाठवत होते तो. आणि ती आत जाऊन बसली.

ज्यांच्याकडे असा आजार आहे त्यांना माझं कळकळीने सांगणं: घरच्या मसाल्याची यादी आजच विचारा. पाकिटावर निदान लिहिलेलं असतं, आईच्या हातच्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नसतं.

रविवार, 1 डिसेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चमधल्या मिस्साहून आल्या आल्या मसाला करायला आईच पुढे झाली. पाव किलोच करायचा, गव्हाऐवजी तेवढाच तांदूळ, गडद तांबूस होईपर्यंत भाजलेला. सुटे गरम मसाले दुकानात उघड्या पोत्यांत गव्हाशेजारी असतात, म्हणून सगळे अख्खे आणि बंद पुड्यांतले घेतले, निवडले, पुसले.

चूक: मिक्सर सलग फिरवला. भांडं तापलं, खसखस आणि तीळ तेल सोडायला लागले, मसाल्याचा लगदा झाला. 80 ग्रॅम गेला. उरलेला पाच-पाच सेकंद फिरवून, मध्ये परातीत पसरून गार करत काढला. अडीच तास.

संध्याकाळी दुधी-चिकन केलं, अर्धं जुन्या मसाल्याचं, अर्धं नव्या. बाबांना फरक कळला नाही. आईला कळला, पण ती म्हणाली की पुढच्या उन्हाळ्यापासून सगळ्याच बाटल्या अशा भरायच्या.

बुधवार, 4 डिसेंबर

सुकेळी. वाडीतल्या राजेळी केळ्यांचे दोन घड पिकले होते. सोलून शनिवारपासून उन्हात. काल आणि आज ढग. वरच्या फळीतली टिकली, खालच्या फळीतली चिकट होऊन आंबूस वास यायला लागला. निम्मी टाकली. राहिली ती दिव्याच्या उष्णतेखाली न ठेवता उन्हाचीच वाट पाहायची ठरवलं, शेकली की चव जाते.

रविवार, 8 डिसेंबर: रंगीत तालीम, नऊ माणसं

आज बुफे तसाच मांडून पाहिला. तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, रांग. इंद्याल टोकाला ठेवलं होतं, सगळ्यांनी तिथूनच सुरुवात केली. उकडहंडीपाशी येईपर्यंत ताटात जागा नाही. बाबांच्या ताटात चार फुगे आणि पोर्क, बाकी काही नाही. आता रांग अशी: मुळा-गाजर-पेरूची कोशिंबीर, उकडहंडी, मासा, मग चिकन, इंद्याल सगळ्यात शेवटी आणि लहान डावाने. ताटं अकरा इंचांऐवजी नऊची.

दुसरी, मासा. बर्फातली सुरमई आणली होती. वाफेवर तिने इतकं पाणी सोडलं की चटणी पानातून वाहून गेली. 25 ला अर्नाळ्याहून ताजा रावस आणायचा, तुकडे कपड्याने कोरडे करायचे, चटणीत पाणी अजिबात नाही, खोबरं कमी आणि कोथिंबीर-मिरची-लसूण जास्त.

तिसरी आणि सगळ्यात गंभीर: भाड्याच्या चेफिंग डिशमध्ये (खाली ज्योत ठेवून अन्न गरम ठेवायचं भांडं) दीड तासाने चिकन फक्त 48 अंश होतं. हे मला थर्मामीटर (450 रुपये) आणल्यामुळे कळलं, हाताला गरमच लागत होतं. शिजवलेलं मांस 60 अंशांच्या वर राहिलं पाहिजे, नाहीतर दोन तासांच्या आत संपवायचं. जेलच्या डबीची ज्योत मोठ्या भांड्याला पुरत नाही. उपाय: डिशमध्ये एका वेळी दोन-अडीच किलोच घालायचं, बाकी स्वयंपाकघरात मंद गॅसवर, आणि दर अर्ध्या तासाला गरम भर.

जेवणानंतर दोन तासांनी बाबांची साखर 248. खजुराचा केक केला होता, बाबांनी "साखर नाही ना यात" म्हणून तीन तुकडे खाल्ले. दोष माझा, मीच तसं सांगितलं होतं. खजूर, गूळ, सुकेळी, सगळ्यात साखर आहेच. आता केकचे तुकडे सुपारीएवढे कापायचे आणि बाबांना आकडा सांगायचा, गोड आहे की नाही ते नाही.

केक मधोमध खचलाही होता. खजूर भिजवून वाटला त्यात पाणी फार राहिलं. नुसता वाफवून वाटायचा.

रविवार, 15 डिसेंबर

इंद्याल, एक किलोचा घाणा. आईचं माप किलोला तीन चहाचे चमचे मीठ, वजन केलं तर 16 ग्रॅम. दिवसभराचं सगळं धरून माणसाने पाच ग्रॅमच्या आत राहावं म्हणतात. मी आठ ग्रॅम घातलं. गरम असताना अगदी अळणी लागलं, घाबरलो. दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून खाल्लं तेव्हा व्हिनेगर आणि लसूण आतपर्यंत मुरले होते, मिठाची आठवण झाली नाही. कमी मिठाचं इंद्याल त्याच दिवशी चाखून मीठ वाढवू नका, थांबा.

कुणीतरी कमी सोडियमचं मीठ सुचवलं. त्यात पोटॅशियम असतं आणि काकांच्या डॉक्टरांनी तेच टाळायला सांगितलंय. नाही आणलं.

चरबी: थंड झाल्यावर वर पांढरी साय धरते. ती चमच्याने उचलली, किलोला 95 ग्रॅम निघाली.

केक: सहा अंडी, 250 ग्रॅम बदामाची पूड, 200 ग्रॅम वाफवलेला खजूर, संत्र्याची साल. खचला नाही. बाबांनी जेवणानंतर एक लहान तुकडा खाल्ला, दोन तासांनी 182.

शनिवार-रविवार, 21-22 डिसेंबर

शनिवारी स्वयंपाकघरातून गहू बाहेर. पोळपाट-लाटणं, लाकडी कालथे, जुनी चाळणी, पोळीचा तवा, सगळं पोत्यात बांधून पडवीत. ओटा तीनदा पुसला. चार दिवस आम्ही भात आणि तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या, कुणी कुरकुर केली नाही.

रविवारी चार किलो पोर्कचं इंद्याल. शेजाऱ्यांचा फ्रीज मागून घेतला, आमच्यात पातेलं मावेना. मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतं, म्हणून चार पसरट डब्यांत काढून, गार करून ठेवलं.

मंगळवार, 24 डिसेंबर

इंद्यालावरची चरबी काढली: 380 ग्रॅम. दोन चमचे आईने फोडणीसाठी ठेवून घेतले. तांदूळ दळून झाला. उकडहंडीचं साहित्य चिरून ठेवलं: वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी, बटाटे, कच्ची केळी, हिरवं वाटण, भरपूर ओवा. कोनफळ चिरताना हात जांभळे झाले आणि खाजले, तेल लावून चिरायला हवं होतं.

दादा-वहिनी रात्री पोचले. पुतणीने नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातली मेंढरं मोजली आणि मग स्वयंपाकघरात येऊन आप्पेपात्र उचलून पाहिलं. "हे माझं?" म्हणाली. म्हटलं, सगळ्यांचं.

मध्यरात्रीची मिस्सा, मग झोप साडेतीन तास.

बुधवार, 25 डिसेंबर

5:30: रावस आला. चार किलो, 850 च्या भावाने. सगळ्यात महाग जिन्नस हाच.

8:00: उकडहंडी मातीच्या मडक्यात, तळाला आणि वर केळीची पानं, पाण्याचा थेंब नाही, मंद आचेवर. दोन तास धरले होते, अडीच लागले. खालचं कोनफळ किंचित लागलं.

11:15: फुगे. दोन पात्रं, एका वेळी चोवीस, 120 ला पाच घाणे, म्हणजे पाऊण तास असा हिशोब. एक शेगडी मंद निघाली, सव्वा तास लागला. पानगी दुसऱ्या शेगडीवर व्हायची होती ती मागे पडली आणि चाळीसऐवजी पंचवीसच झाली.

12:50: मावशी आल्या, हातात कुलकुलांचं (नाताळच्या तळलेल्या गोड फराळाचं) भलं मोठं ताट. मैद्याची, दोन रात्री जागून केलेली. त्यांनी प्रेमाने ताट टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि केकचा चिमटा त्यात खोवला. मी जागच्या जागी उभा राहिलो. कुणाला कुणी काय आणावं हे मी सांगितलंच नव्हतं, सहा आठवड्यांत ते डोक्यातच आलं नाही. आईने मावशींना आत नेलं आणि कानात सांगितलं. मावशींनी स्वतः ताट उचललं, झाकलं, जाताना प्रत्येक घराला पुडी बांधून द्यायची म्हणून पडवीत ठेवलं. केकचा तो कोपरा कापून बाजूला काढला, चिमटा बदलला, टेबल पुसलं. मावशींचे डोळे भरून आले होते, रागाने नाही. पुढच्या वेळी निमंत्रणाच्या फोनमध्येच हे सांगायचं.

1:20: जेवण सुरू. दर अर्ध्या तासाला तापमान: 66, 63, 64, 61.

पुतणी रांगेत माझ्यासमोरून गेली. प्रत्येक पदार्थापाशी थांबून वहिनीकडे बघायची, वहिनी मान हलवायची. चिकनपाशी तसंच, इंद्यालपाशी तसंच. फुग्यांपाशी तिने बघितलं नाही. चार घेतले.

गुरुवार, 26 डिसेंबर

उरलं: इंद्याल साधारण 700 ग्रॅम, चिकन एक वाटी, कोशिंबीर जवळजवळ अर्धी (मुळ्याने पाणी सोडलं, तो वेगळा ठेवून आयत्या वेळी मिसळायला हवा). सगळ्यात आधी उकडहंडी संपली, ती आठ किलो होती, दहा करायला हवी होती. सुकेळी 38 जणांना दोन-दोन चकत्या पुरली. मासा काटेकोर. कोकमाचं सरबत बिनसाखरेचं केलं ते मुलांनी प्यायलं नाही.

खर्च, रुपयांत: पोर्क 1,680. चिकन 1,200. रावस 3,400. भाज्या-कंद 1,950. तांदूळ, साबुदाणा, अंडी, नारळ 2,120. फळं, खजूर, बदाम 1,850. तेल, मसाले, व्हिनेगर 900. चेफिंग डिश चार, 800. थर्मामीटर 450. आप्पेपात्रं 1,300. फसलेले घाणे आणि नवी चाळणी 1,370. एकूण 17,020, डोई साधारण 448. केळीची पानं आणि केळी वाडीतली, त्यांचे पैसे धरलेले नाहीत. आई, बायको आणि मी मिळून तास मोजले तर सत्तरच्या वर जातात.

दादा दुपारी निघाले. आईने नव्या मसाल्याची बरणी धुऊन-पुसून भरली आणि वहिनीकडे पेन मागितलं. बरणीवर कागद चिकटवून तिने सावकाश, मोठ्या अक्षरांत सगळे जिन्नस लिहिले, मिरच्यांपासून नागकेशरापर्यंत. शेवटी लिहिलं: तांदूळ. एक आप्पेपात्रही पुण्याला गेलं.